मु. पो. ड्वेल

मलबार हिलवर ‘रेसिडेंट’ राहतात आणि धारावीत ‘ड्वेलर’. मुंबईतली इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी तो बिनचूक पाळतो. सोसायटीच्या फाटकावर ‘रेसिडेंट्स ओन्ली’ अशी पाटी असते. तिथे ‘ड्वेलर्स’ लिहिलं तर पुढच्या सर्वसाधारण सभेत सेक्रेटरीची धडगत नाही. झोपडपट्टी आली की स्लम-ड्वेलर, पदपथ आला की पेव्हमेंट-ड्वेलर, जंगल आलं की फॉरेस्ट-ड्वेलर. पेव्हमेंट-रेसिडेंट म्हणायला व्याकरणाची काहीच आडकाठी नाही, पण ऐकणारा हसेल. कोशात दोघांचा अर्थ एकच आहे, राहणारा. व्यवहारात एकाच्या राहण्याला घरपट्टीची पावती आहे आणि दुसऱ्याला आपलं राहणं दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागतं. ‘ड्वेल’ हे क्रियापद या दुसऱ्या रांगेत कसं येऊन उभं राहिलं हे पाहायचं तर हजारेक वर्षं मागे जावं लागतं. तिथे पोचल्यावर कळतं की या शब्दाच्या मूळ अर्थात घर नव्हतंच. होती ती चूक.

जुन्या इंग्रजीत ‘ड्वेलन’ म्हणजे एखाद्याला आडवाटेला लावणं, भुलवणं, त्याचा खोळंबा करणं. त्याचं भावंड ‘ड्वेलियन’ म्हणजे स्वतःच वाट चुकणं. याच धातूपासून ‘येद्वोला’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ भ्रम, आणि धर्माच्या संदर्भात पाखंड. एल्फ्रिक हा त्या काळचा मोठा विद्वान मठाधिपती. त्याच्या प्रवचनांतले पाखंडी लोक हे ‘येद्वोलमेन’ आहेत. यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने १०१४ च्या सुमारास, डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड जेरीस आलेलं असताना, आपल्याच लोकांच्या पापांचा पाढा वाचणारं एक जळजळीत प्रवचन लिहिलं. परधर्मीयांच्या खोट्या देवांसाठी त्याने वापरलेला शब्दही याच कुळातला. म्हणजे त्या काळी या धातूची ऊठबस चर्चमध्ये होती खरी, पण आरोपीच्या पिंजऱ्यात.

शब्दाची चुलत भावंडंही फारशी नाव काढणारी नाहीत. डच भाषेत ‘ड्वालन’ म्हणजे आजही भरकटणं. गॉथिक भाषेत ‘ड्वल्स’ म्हणजे मूर्ख. मंदबुद्धी माणसासाठीचा इंग्रजी ‘डल’ याच घरातला. काही व्युत्पत्तिकार आणखी मागे जाऊन हे सगळं कूळ धूळ-धूर या अर्थाच्या एका प्राचीन धातूला नेऊन भिडवतात. आपला ‘धूम’ आणि लॅटिनमधला ‘फ्यूमस’ त्याच धातूचे. धुरात दिसेनासं होतं आणि माणूस चुकतो, असा हा अर्थसंबंध. इतक्या मागे गेल्यावर व्युत्पत्तिकारही धुरातच चाचपडत असतो, त्यामुळे मी या दुव्यावर फार भार टाकणार नाही.

या कुटुंबातल्या एका सदस्याला मात्र थोडी जास्त जागा द्यायला हवी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ड्वेऽल’ (स्वर जरा लांबवायचा) म्हणजे बेलाडोना ही विषारी वनस्पती, आणि गुंगी आणणारं एक पेयही. त्या काळच्या वैद्यकाच्या हस्तलिखितांत या पेयाची कृती सापडते. रानडुकराचं पित्त, व्हिनेगर, अफू, खुरासनी ओवा, हेमलॉक असं सगळं दारूत कालवून शस्त्रक्रियेआधी रोग्याला पाजायचं. त्यातून तो परत जागा झाला तर वैद्याचं नशीब. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका गोष्टीत गिरणीवाल्याच्या घरातले लोक इतके पिऊन झोपतात की त्यांना या ड्वेऽलची गरजच उरत नाही, असा शेरा आहे. भुलवणं, गुंगवणं, थांबवून ठेवणं हा या कुळाचा पिढीजात धंदा.

मग त्या काळचे इंग्रज राहत कुठल्या क्रियापदाने होते? एक होतं ‘बूआन’. राहणं आणि जमीन कसणं, दोन्ही त्यात आलं. शेजाऱ्यासाठीचा ‘नेबर’ हा त्याच बूआनचा वंशज, म्हणजे जवळ राहणारा. दुसरं ‘वुनिअन’. जर्मनमधलं ‘वोनेन’ त्याचं सख्खं नातलग. रुळणं, सवयीचं होणं, आणि म्हणून राहणं, असा त्याचा प्रवास. आज इंग्रजीत त्याचा उरलेला तुकडा म्हणजे ‘वोंट’, अंगवळणी पडलेली सवय. राहण्याचं काम करायला दोन धडधाकट क्रियापदं हजर होती. त्यांना बाजूला सारून पाखंडी कुळातल्या शब्दाने घर बळकावलं ते बाहेरून आलेल्या माणसांच्या पाठबळावर.

८६५ साली डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. पुढच्या दशकांत उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा मोठा पट्टा त्यांच्या अमलाखाली गेला, आणि लढाया संपल्यावर त्यांच्यातले बरेच जण तिथेच शेती करून स्थिरावले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या नावांतलं शेवटचं ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेत वाडी, वस्ती. ‘स्काय’, ‘एग’, इतकंच काय ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांनी इंग्रजीला दिलं. ‘हजबंड’ही त्यांचाच. मूळ अर्थ घर करून राहणारा, घरमालक. नवरेपण मागाहून चिकटलं. त्यांच्या नॉर्स भाषेत ड्वेलनचं एक भावंड होतं, ‘द्वेल्या’. तेही खोळंब्याचंच, पण त्यात पाप नव्हतं. उशीर करणं, रेंगाळणं, थांबणं, मुक्काम टाकणं एवढंच. शेजारी राहणाऱ्या दोन जमातींचे दोन सारख्या आवाजाचे शब्द एकमेकांत मिसळले, आणि बहुतेक कोशकारांच्या मते उच्चार इंग्रजांचा राहिला तरी अर्थावर रंग चढला तो नॉर्स. १२०० च्या आसपास ‘ड्वेल’ म्हणजे एका जागी थांबणं झालं. आणखी पन्नासेक वर्षांत घर करून राहणं.

मराठी माणसाला या वळणाचं नवल वाटायचं कारण नाही. आपलं ‘राहणं’ याच वाटेने गेलेलं आहे. ‘काम राहिलं’ म्हणजे खोळंबलं, ‘पाऊस राहिला’ म्हणजे थांबला, आणि ‘तो साताऱ्याला राहतो’ म्हणजे त्याचं घर तिथे आहे. प्रवासातला थांबा म्हणजे मुक्काम, आणि तोच पत्त्यावर ‘मु. पो.’ होऊन कायमचा बसला. रात्री गावात थांबून पहाटे निघणाऱ्या एसटीला अजून वस्तीची गाडी म्हणतात. जो थांबला तो राहिला, हा हिशेब जगातल्या पुष्कळ भाषांनी मांडलेला आहे. इंग्रजीचं वेगळेपण एवढंच की तिथे थांबण्याच्याही मागे एक पायरी होती, चुकण्याची.

चॉसरच्या काळी, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, थांबणं आणि राहणं हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. एखादं पात्र ऑक्सफर्डमध्ये ‘ड्वेल’ करतं म्हणजे तिथे त्याचं घर आहे. दुसरीकडे कुणी फार ‘ड्वेल’ करू नये म्हणजे वेळ काढू नये. पाखंडाचा अर्थ तोवर विस्मरणात गेला होता. तो गेला म्हणूनच पुढची गोष्ट घडू शकली.

बायबल इंग्रजीत आणणाऱ्यांनी हे क्रियापद उचललं. १३८० च्या दशकात विक्लिफच्या मंडळींनी, १५२६ मध्ये टिंडलने, आणि १६११ मध्ये राजा जेम्सच्या पंडितांनी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात शब्द देह धारण करून माणसांत येऊन राहतो, ती जागा प्रसिद्ध आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा सरळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात जुन्या करारातला तंबू होता: वाळवंटात भटकणाऱ्या इस्राएल लोकांबरोबर त्यांचा देवही तंबूतच असे, आणि हिब्रूत त्या तंबूचं नावच ‘राहण्याची जागा’ असं आहे. मराठी बायबलाने त्याला ‘निवासमंडप’ हा देखणा शब्द दिला. लॅटिन अनुवादात तंबू हरवला, तिथे साधं ‘वसला’ आलं. इंग्रजांनी तिथे ‘ड्वेल’ घातलं, आणि मराठी अनुवादाने ‘वस्ती’. एकेकाळी पाखंड्यांना नाव पुरवणाऱ्या धातूला आता प्रत्यक्ष देवाचं राहणं सांगायचं काम मिळालं. स्तोत्रसंहितेतही भक्त परमेश्वराच्या घरात राहू इच्छितो तो याच क्रियापदाने. पुढची तीनशे वर्षं इंग्लंडात दर रविवारी हे शब्द कानावर पडत राहिले, आणि ‘ड्वेल’ला अत्तराचा वास लागला तो तिथे.

अत्तर लागलं की कपडा रोजच्या वापरातून जातो. बोलण्यात ‘लिव्ह’ होतंच. कचेरीत लॅटिन-फ्रेंच घराण्यातले ‘रिसाइड’ आणि ‘इन्हॅबिट’ येऊन बसले. त्यातल्या ‘रिसाइड’ने तर अधिकारपद कमावलं. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून आला आणि १८११ मध्ये त्याच गादीवर एल्फिन्स्टन आला. दरबारात नुसतं ‘राहणारा’ हा माणूस सात वर्षांत दरबारच राहू देणार नाही, हे तेव्हा पुण्यात किती जणांना कळलं असेल कोण जाणे. रेसिडेंट या शब्दाला आपल्याकडे जो रुबाब आहे त्याची सुरुवात इथली. ‘ड्वेल’ मात्र कवींच्या वाट्याला जात चाललं होतं. वर्ड्सवर्थने १८०० साली छापलेल्या ल्यूसीवरच्या एका छोट्या कवितेत, कुणाच्या खिजगणतीत नसलेली ती मुलगी राहते ते याच क्रियापदाने. ती लंडनच्या एखाद्या चौकात राहत असती तर हे क्रियापद आलं असतं असं मला वाटत नाही.

बोलण्यातून आणि कचेरीतून उठलेला हा शब्द एका ठिकाणी मात्र घट्ट बसून राहिला. फौजदारी कायद्यात.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरफोडी हा चोरीहून फार वेगळा आणि भयंकर गुन्हा होता, शिक्षा फाशी. पण तो सिद्ध व्हायला अटी होत्या. वेळ रात्रीची हवी, काहीतरी फोडून आत शिरलेलं हवं, आणि शिरलेली जागा ‘ड्वेलिंग-हाऊस’ हवी. दुकान नव्हे, गोदाम नव्हे, माणूस जिथे झोपतो ते घर. मग प्रश्न आलाच की माणूस झोपतो ती प्रत्येक जागा घर का? इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टनने आपल्या कायद्यावरच्या भाष्याच्या चौथ्या खंडात, १७६९ मध्ये, याचं उत्तर देऊन टाकलं आहे. जत्रेत किंवा बाजारात ठोकलेला तंबू वा राहुटी हे ड्वेलिंग-हाऊस नव्हे, मालक आत झोपत असला तरी. कायदा एवढा मान फक्त पक्क्या, कायमच्या बांधकामाला देतो. असल्या तकलादू निवाऱ्यात झोपणं हा त्या मालकाचाच मूर्खपणा, असंही त्याने वर ऐकवलं. देव ज्या क्रियापदाने तंबूत राहिला, त्याच क्रियापदाच्या आधाराने जत्रेतल्या फेरीवाल्याचा तंबू घर नाही असं ठरलं, आणि दोन्ही पुस्तकं इंग्लंडातल्या सुशिक्षितांच्या एकाच फळीवर असत.

हिंदुस्थानात आल्यावर हा नियम बदलला. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये संमत झाली. २०२४ पर्यंत लागू राहिलेल्या या संहितेच्या ३८० व्या कलमात राहत्या घरातल्या चोरीची तरतूद होती, आणि तिथे स्पष्ट लिहिलं होतं: माणसाच्या राहण्यासाठी वापरली जाणारी इमारत, तंबू किंवा नौका. तंबू आला! गृह-अतिक्रमणाच्या कलमातही हेच त्रिकूट होतं. ब्लॅकस्टनला मूर्खपणा वाटला तो इथे कायद्याच्या संरक्षणाला पात्र ठरला. हे औदार्य कुठून आलं? माझा तर्क साधा आहे: जिल्ह्याचा कलेक्टर हिवाळ्यात महिनोनमहिने दौऱ्यावर तंबूत राहत असे, कचेरी तिथेच, जेवणं तिथेच, चांदीचे काटेचमचेही तिथेच. साहेबाचा तंबू ‘ड्वेलिंग’ नाही असं म्हणून चालणारं नव्हतं. कारण काही असो, दंडसंहितेच्या शब्दांत फाटक्या ताडपत्रीचा तंबूही मावत होता. हे पुढे कुणाला फारसं आठवलं नाही.

तिकडे व्हिक्टोरियाच्या इंग्लंडात ‘ड्वेलिंग’ या नामाला वेगळंच गिऱ्हाईक मिळालं. लंडनमधल्या गलिच्छ वस्त्या पाडून कामगारांसाठी मजबूत, हवेशीर, पाच-सहा मजली चाळी बांधायची मोहीम निघाली. १८६३ मध्ये सिडनी वॉटरलोने काढलेल्या कंपनीचं नाव ‘इम्प्रूव्ह्ड इंडस्ट्रियल ड्वेलिंग्ज कंपनी’. १८६८ आणि १८७५ च्या कायद्यांच्या नावांतही कारागीर-मजुरांच्या ‘ड्वेलिंग्ज’च. १८८५ मध्ये रॉथशील्ड घराण्याच्या पुढाकाराने एक कंपनी निघाली, तिचं नाव तर ‘फोर पर सेंट इंडस्ट्रियल ड्वेलिंग्ज कंपनी’: गुंतवणूकदारांनी ४ टक्क्यांवर समाधान मानायचं, उरलेलं पुण्य. तिने स्पिटलफील्ड्समध्ये बांधलेल्या इमारतींना ‘शार्लट द रॉथशील्ड ड्वेलिंग्ज’ म्हणत. शार्लटबाई आणि त्यांचे कुटुंबीय स्वतः राहत होते त्या वाड्याला ‘ड्वेलिंग’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. श्रीमंताचं ‘रेसिडेन्स’ किंवा ‘मॅन्शन’, गरिबाचं ‘ड्वेलिंग’, ही वाटणी इथे दगड-विटांत पक्की झाली. बायबलातल्या शब्दाचा मान गरिबाला द्यावा असा त्यात काही जणांचा सद्भाव असेलही. पण सद्भावाने दिलेला शब्दही शेवटी त्या माणसाच्या ऐपतीचा वास घेऊनच फिरतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या झ्यूरिक सरोवराचं पाणी फार खाली गेलं आणि तळाशी शेकडो लाकडी खुंट दिसू लागले. फर्डिनांड केलर या पुरातत्त्वज्ञाने तिथे प्रागैतिहासिक वस्ती असल्याचं मांडलं. त्याच्या लेखनाचं इंग्रजी भाषांतर १८६६ मध्ये ‘लेक ड्वेलिंग्ज’ या नावाने निघालं. १८९३ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशोल्डचा अमेरिकेतल्या मेसा व्हर्डेच्या कड्यांमधल्या घरांवरचा ग्रंथ आला, त्यात ‘क्लिफ-ड्वेलर्स’. गुहांतले ते ‘केव्ह-ड्वेलर्स’. या सगळ्यांची नावं, गावं, पत्ते काळाच्या पोटात गेलेले. उरली ती फक्त जागा. तेव्हा माणसाची ओळख जागेवरून करायची: तळ्याचा, कड्याचा, गुहेचा. प्राणिशास्त्रातही समुद्राच्या तळाशी राहणारा मासा ‘बॉटम-ड्वेलर’ असतो. रेसिडेंटला पत्ता असतो, ड्वेलरला अधिवास. मला वाटतं सगळ्या फरकाची गोम इथे आहे. ‘सिटी-ड्वेलर’ हा शब्द निरुपद्रवी आहे हे खरं, पण त्यातही एकेक नागरिक दिसत नाही, दिसते ती जात.

विसाव्या शतकात या क्रियापदाला अचानक तत्त्वज्ञानाची गादी मिळाली, तीही दुसऱ्याच्या नावावर. ५ ऑगस्ट १९५१ रोजी, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आणि घरांची तीव्र टंचाई असलेल्या जर्मनीत, डार्मश्टाट इथे तत्त्वज्ञ हायडेगरने वास्तुविशारदांपुढे एक व्याख्यान दिलं. बांधणं, राहणं आणि विचार करणं यांचं नातं त्याने जुन्या जर्मन शब्दांची मुळं उकरून सांगितलं: बांधण्याचा जर्मन शब्द मुळात बूआनच, राहणं हा माणसाच्या असण्याचाच प्रकार, वगैरे. ‘वोनेन’च्या मुळाशी त्याला शांती, समाधान सापडलं. १९७१ मध्ये आल्बर्ट हॉफश्टाटरच्या इंग्रजी अनुवादात ‘वोनेन’च्या जागी ‘ड्वेल’ बसलं. वास्तुकलेच्या वर्गांतून ते जगभर गेलं. गंमत अशी की ड्वेलचं वोनेनशी रक्ताचं नातं नाही. हायडेगर स्वतः इंग्रजीत लिहिता आणि त्याने प्रामाणिकपणे हेच मूळ उकरलं असतं, तर त्याला समाधानाऐवजी पाखंड आणि खोळंबा हाती लागला असता. त्याचं व्याख्यान कदाचित अधिक रंगलंही असतं. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत आधुनिक, महागड्या घरांचं ‘ड्वेल’ नावाचं मासिक निघालं ते या नव्या प्रतिष्ठेच्या काळात. क्रियापद असं वर चढत असताना त्याचं ‘ड्वेलर’ हे नाम मात्र खालीच राहिलं.

जुना अर्थ कुठे उरला असेल तर यंत्रशाळेत. मेकॅनिकलच्या पदविकेला कॅमची आकृती काढलेल्या कुणालाही ‘राइज, ड्वेल, रिटर्न’ पाठ असतं. चाक फिरतंय पण वरचा दांडा जागेवर थबकलाय, तो ड्वेल. जुन्या पेट्रोल गाड्यांचे मिस्त्री इग्निशनचा ‘ड्वेल अँगल’ लावत. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर किती तास पडून राहिला त्याला ‘ड्वेल टाइम’ म्हणतात, आणि तो कमी करणं हा बंदराचा पराक्रम समजला जातो. इथे ड्वेल म्हणजे निव्वळ खोळंबा, नॉर्स लोकांनी दिला तसाच.

आता मुंबई. १३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की शहरातल्या पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडलं जाईल. ऐन पावसाळ्यात कारवाई सुरू झाली. तमिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातून दुष्काळामुळे आलेल्या एका मजुराची झोपडी २३ जुलैला पाडली आणि त्याला बायकामुलांसह सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो कामासाठी मुंबईत परतला आणि पुन्हा पदपथावर आला. हे सगळं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेलं आहे. पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखला जाणारा तो खटला. निकाल १० जुलै १९८५ चा, पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा, लिहिलेला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे तत्त्व त्याने घटनेत पक्कं केलं, म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. पण पदपथ हा चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर राहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याचं विनानोटीस हटवण्याचा अधिकार देणारं कलम वैध आहे, हेही त्याच निकालात आहे. १९७६ च्या गणनेत मोजले जाऊन ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा, आणि पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कुणाला हटवायचं नाही.

निकालाच्या पहिल्याच वाक्यात हे लाखो लोक पदपथांवर आणि झोपडपट्ट्यांत ‘लिव्ह’ करतात. दोन वाक्यांनंतर त्यांची गटवारी सुरू होते आणि ते ‘पेव्हमेंट-ड्वेलर्स’ व ‘स्लम-ड्वेलर्स’ होतात. न्यायमूर्तींनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या हाताशी जी इंग्रजी होती तिने ते केलं.

मराठी या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाही. आपल्याकडे ‘सोसायटी’ आणि ‘कॉलनी’ एकीकडे, ‘वस्ती’ दुसरीकडे. बायबलाच्या मराठी अनुवादात देवाने केली ती वस्ती, आणि महापालिकेच्या तोडक पथकाच्या यादीत असते तीही वस्तीच.

ज्यांना हा शब्द लावला त्यांनी तो झटकला नाही, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत रोचक वळण वाटतं. मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीत राहणारे जोकिन अरपुतम यांनी अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची ती वस्ती वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. १९७६ मध्ये ती हटवून लोकांना चीता कॅम्पला नेलं गेलं. त्याच लढ्याच्या काळात त्यांनी जी देशव्यापी संघटना उभी केली तिचं नाव ‘नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन’. ती पुढे भायखळ्याच्या पदपथांवरच्या बायकांच्या ‘महिला मिलन’ला आणि ‘स्पार्क’ या संस्थेला जोडली गेली. १९९६ मध्ये ‘स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल’ ही आंतरराष्ट्रीय साखळी तयार झाली. अरपुतम यांना २००० मध्ये मॅगसेसे आणि पुढे पद्मश्री मिळाली. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये २००५ साली अशीच एक चळवळ उभी राहिली, ‘अबाहलाली बासेम्जोंडोलो’. झुलू भाषेत ‘अबाहलाली’ म्हणजे रहिवासी, साध्या अर्थाने रेसिडेंट. इंग्रजी बातम्यांत ते ‘शॅक-ड्वेलर्स’ झाले.

आणि मग २००६ चा वनहक्क कायदा. त्याच्या इंग्रजी नावातच ‘फॉरेस्ट-ड्वेलर्स’ आहेत, मराठीत ‘वननिवासी’. सरकारी मराठीने इथे नकळत बरं काम केलं: निवासी उपजिल्हाधिकारी, अनिवासी भारतीय आणि वननिवासी यांना तिने एकाच पंगतीत बसवलं. पण कायद्याच्या पोटात शिरलं की पंगती पुन्हा वेगळ्या होतात. अनुसूचित जमातींबाहेरच्या माणसाला पारंपरिक वननिवासी ठरायचं असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या किमान तीन पिढ्या त्याचं घराणं वनात राहत आलेलं असलं पाहिजे आणि पोटापाण्यासाठी त्यावर अवलंबून असलं पाहिजे. एक पिढी २५ वर्षांची धरायची. म्हणजे ७५ वर्षं. आयकर खात्याच्या लेखी भारताचा ‘रेसिडेंट’ व्हायला वर्षातले १८२ दिवस पुरतात. दोन कायद्यांचे हेतू वेगळे आहेत हे मान्य करूनही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. वनहक्क कायद्यातल्या व्याख्येची आणखी एक खुबी आहे. ‘ड्वेलर’ म्हणजे कोण हे सांगताना तिला क्रियापद वापरावं लागलं आहे ते ‘रिसाइड’.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अशा अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. सगळ्यांचं असं सुखासुखी झालं नाही. फेटाळलेल्या दाव्यांच्या लोकांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्वतःच स्थगिती दिली. दाव्यासाठी काय काय पुरावा चालेल त्याची यादी कायद्याखालच्या नियमांत आहे. सरकारी कागद तर चालतातच. पण त्याबरोबर घर, झोपडी, शेताला घातलेला बांध चालतो; पवित्र मानलेली झाडं, देवराई, तळी, पुरण्या-जाळण्याच्या जागा चालतात; दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तेही चालतं. ब्लॅकस्टनने तकलादू म्हणून घर मानायचं नाकारलं होतं, त्या जातीची झोपडी या यादीत पुरावा म्हणून नोंदलेली आहे, आणि त्याची शहानिशा करायचा पहिला अधिकार ग्रामसभेला आहे.